आवाज येत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं म्हणजे ठरलं. कॉम्प्युटर घ्यायचा. साधा नाही. गेमिंगचा आणि लाइव्ह स्ट्रीमिंगचा.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर तोंडावर फेकता येतील. बस डेपोत बावीस वर्षं अनाउन्सर होतो. सहा महिन्यांपूर्वी माझ्या जागी एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला. तिला खोकला येत नाही आणि रागही येत नाही. मला 'हरवले-सापडले'च्या खिडकीत बसवलंय. तिथे बोलायचं कामच नाही. आज दिवसभरात दोन छत्र्या, एक डबा, आणि डाव्या पायाचा बूट शोधणारा एक इसम. माझ्याकडे उजव्या पायाचा होता. तर तो माझ्यावरच उखडला.

मॅनेजर म्हणतो, ही बढती समजा. याच्या बढतीला लावा... असो. रोजनिशीत शिव्या लिहायच्या नाहीत असा यंदाचा संकल्प आहे.

लोक गेम खेळता खेळता बडबडतात आणि हजारो लोक बघत बसतात, हे कन्येने मोबाइलवर दाखवलं. त्यातला एक तर तोंडात बोळा कोंबल्यासारखा बोलत होता. त्याला चाळीस हजार जण ऐकतात! आणि मला? घरात अण्णा. त्यांना ऐकू येत नाही. ही ऐकते, पण ऐकत नाही. कन्येच्या कानात कायम इअरफोन.

८.३० वाजता. बजेट ठरवलं. त्याच्या वर एक पैसा जायचा नाही. कपाटात हिने वर्षभर भरत आणलेलं एक पाकीट आहे. वर तिच्या अक्षरात 'अण्णांचा कान' असं लिहिलंय. वडिलांचा उजवा कान पत्र्याच्या कारखान्यात गेला, डाव्या कानातलं मशीन आता नुसतं शिट्ट्या मारतं. डॉक्टरांनी नवीन मशीन बसवायला एक मार्चची वेळ दिलीय. त्या पाकिटाला हात लावायचा नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कन्येने यादी करून दिली. बेताचा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, एक साधी एसएसडी, एक वापरलेलं पण चांगलं ग्राफिक्स कार्ड, दिवे नसलेला कॅबिनेट. म्हणाली, बाबा, तुम्हाला बस चालवायचाच गेम खेळायचाय ना, त्याला आणि स्ट्रीमिंगला एवढं पुरे. सगळं बजेटमध्ये बसत होतं. उलट थोडे उरत होते.

डोक्यात तिडीक गेली. वापरलेलं! सहा महिने लोकांच्या वापरलेल्या छत्र्या सांभाळणारा माणूस आहे म्हणून कार्डही वापरलेलंच? मी तिला शांतपणे समजावलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली की एवढं शांतपणे समजावू नका, भांडी हलताहेत.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर अण्णांनी आज पुन्हा 'नळ गळतो' असं लिहिलंय. काल लिहिलं होतं. परवाही लिहिलं होतं. मला दिसत नाही का? मी काय आंधळा आहे?

८ फेब्रुवारी, शनिवार

कॉम्प्युटर घेतला.

दुकानात जाताना पाकीट खिशात होतं. वापरायला नाही. घरी कुणी नव्हतं, सुरक्षित राहावं म्हणून.

मला कुणी शेंडी लावू शकत नाही, हे दुकानदाराला मी आत गेल्या गेल्या सांगून टाकलं. तो म्हणाला, ते दिसतंच आहे. माणूस पारखणारा वाटला. मग त्याने विचारलं, स्ट्रीमिंग कशाचं? मी तिथेच 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणून दाखवलं. दोन गिऱ्हाइकं दचकून वळली. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, साहेब, या आवाजाला छोटं कार्ड लावलंत तर लोक हसतील. आणि आतून तीन पंख्यांचं एक कार्ड घेऊन आला. खोका उघडताना त्याचे हात जपून चालत होते.

मी घासाघीस केली. तो मुळीच हलला नाही. शेवटी मी त्याला माउस फुकट द्यायला लावला. जिंकलो.

पाकिटातले उसने घेतलेत. चॅनेल एकदा चालू लागलं की महिन्याभरात दुप्पट परत. हिला योग्य वेळी सांगेन.

९ फेब्रुवारी, रविवार

योग्य वेळ सकाळी सात वाजताच आली. हिने कपाट उघडलं.

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. ती फक्त पाकीट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "हे रिकामं आहे, हे तुम्ही अण्णांना सांगा. मोठ्याने सांगा, म्हणजे ऐकू येईल."

यात रागावण्यासारखं काय आहे? गेलो. अण्णांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. स्ट्रीमिंग म्हणजे काय तेही सांगितलं. अर्धी इमारत जागी झाली. अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघत बघत ऐकलं. मग म्हणाले, "मला आता काय ऐकायचंय? चालू दे."

बघा. संमती आहे. ही उगाच तोंड पाडून बसली आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कॉम्प्युटर जोडून आला. टेबल हॉलच्या कोपऱ्यात, अण्णांच्या खोलीच्या दाराला लागून. सुरू केलं की आतून निळे, हिरवे, जांभळे दिवे फिरतात. दिव्यांचे पैसे वेगळे पडले, पण तो गुंतवणुकीचा भाग आहे.

अण्णा बघायला आले. दिव्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कॅबिनेटवर बोटाची पेरं वाजवली आणि म्हणाले, पत्रा पातळ आहे. जन्मभर पत्रा ठोकलेला माणूस, दुसरं काय दिसणार? मग तळहात ठेवून उभे राहिले. म्हणाले, थरथरतोय. पुठ्ठ्याची घडी करून एका पायाखाली सरकवली. थरथर थांबली, पण मी सांगितलं की असं केल्याने वॉरंटी जाते. त्यांना ऐकू गेलं नाही.

चॅनेलचं नाव 'गर्जना'. डेपोत मला पाठीमागे भोंगा म्हणतात. त्यांनाही कळेल आता.

संकल्प: रोज संध्याकाळी सात ते आठ. एक दिवस चुकवायचा नाही. महिन्यात दहा हजार दर्शक.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उद्घाटन.

सात वाजता लाइव्ह गेलो. बस डेपोतून बाहेर काढली. प्रत्येक थांब्याची घोषणा केली, माझ्या मूळ पट्टीत. अंगावर काटा आला, माझ्याच. सात चोवीसला बस नदीत गेली. रस्ता चुकीचा बनवलाय गेममध्ये. त्यावर गेममधल्या प्रवाशांनी मला पाचपैकी एक तारा दिला आणि 'चालक उद्धट आहे' असा शेरा मारला. बुडता बुडता शेरे मारतात हे लोक!

दर्शक: एक. त्याचं नाव म्हणजे नुसते आकडे. सात पंचवीसला त्याची एकच कमेंट आली.

'आवाज येत नाही.'

सबंध आयुष्यात मला हे वाक्य कुणी म्हटलेलं नाही.

घरातल्यांचा पाठिंबा शून्य. अण्णांनी तर बरोबर सातला खोलीचं दार लावून घेतलं. मुलगा आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी करतोय आणि बाप दार लावतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कन्येने तिच्या मोबाइलवर तपासलं. म्हणाली, आवाज छान येतोय, जरा जास्तच येतोय. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येऊन गेल्या. त्यांना सगळे थांबे पाठ झालेत म्हणे. ही त्यांच्याशी दारात बराच वेळ हसत होती. कशाबद्दल, ते विचारलं नाही.

म्हणजे आवाज आहे. मग हा आकडेवाला कोण? संध्याकाळी परत आला. 'आवाज येत नाही. चालू दे.'

चालू दे? हा कोण मला परवानगी देणारा? चॅनेल माझं, बस माझी!

१६ फेब्रुवारी, रविवार

गेम अडखळतोय. बस उचकी लागल्यासारखी चालते. तळपायाची आग मस्तकात गेली. रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन दुकानात गेलो आणि सगळ्यांसमोर दुकानदाराची बिनपाण्याने केली. तीन पंखे काय वारा घालायला दिलेत का, असं विचारलं.

दुरुस्तीच्या टेबलावरच्या बाईंनी शांतपणे विचारलं की मॉनिटरची वायर कुठे लावली होती. मी दाखवलं. त्या म्हणाल्या, हे वरचं भोक साधं. कार्डाचं भोक खाली आहे. पाच दिवस तुमचं कार्ड नुसतं बसून आहे. मग वायर वीतभर खाली लावून दाखवली. बस लोण्यासारखी चालली.

म्हणजे चूक त्यांनी दुरुस्त करून दिली. आधी का सांगितलं नाही, हा माझा मुद्दा कायम आहे. त्या म्हणाल्या, खोक्यावर लाल अक्षरात लिहिलंय. खोक्यावर काय काय वाचायचं माणसाने?

रात्री हिला सांगितलं की दुकानदाराला नमवून आलो. तिने विचारलं, पैसे परत घेतलेत का? विषय कुठला, बाईचं बोलणं कुठलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन माइक घेतला. स्टँडसकट, तोंडासमोर जाळी असलेला. पगारातून. मुद्दा पैशाचा नाही, त्या आकडेवाल्याचा आहे.

सात वाजता जाळीत तोंड घालून विचारलं, आता येतोय का? बराच वेळ काही नाही. टाइप करायलाही याला दहा मिनिटं लागतात. मग:

'आवाज येत नाही. चष्मा पूस.'

काय आगाऊपणा आहे! कॅमेऱ्यात पाहिलं. डाव्या काचेवर डाग होता. पुसला. पण तो मुद्दा नाही.

आज बस घाटातून खाली गेली. दर्शक: एक.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शोध लागला! सातच्या सुमाराला घरातलं कुणीतरी इंटरनेट खातंय. म्हणून माझं चित्र अडकतं. कन्येला फैलावर घेतलं. ती म्हणाली, मी क्लासला असते त्या वेळी. हीसुद्धा नाही म्हणाली. चोर कबूल होतो का कधी?

वायफायचा पासवर्ड बदलून टाकला. कुणाला सांगितला नाही.

परिणाम: चित्र एकदम स्वच्छ. बस पूर्ण तासभर रस्त्यावर राहिली. आयुष्यातली सर्वोत्तम कॉमेंट्री केली. दर्शक: शून्य.

नेमका आजच तो नालायक आला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कन्येने पासवर्ड मी चिकटवलेल्या चिठ्ठीवरून शोधला. चिठ्ठी मॉनिटरच्या पाठीला होती, विसरू नये म्हणून. मग घरभर वाटला. शिस्त म्हणून नाही या घरात.

आकडेवाला परत हजर. 'काल लागलं नाही. आवाज येत नाही. चालू दे.'

कॅलेंडरवर आज तिसरं पान सुरू झालंय. 'नळ गळतो.'

२४ फेब्रुवारी, सोमवार

जेवताना हिने आठवण करून दिली की शनिवारी एक तारीख आहे. डॉक्टर. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाली, मग? मी म्हटलं, मग काय मग? चॅनेल अकरा दिवसांचं आहे. अकरा दिवसांचं पोर चालायला लागतं का? ती म्हणाली, पोराला दात तरी यायला हवेत आता.

अण्णा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. मग भाकरीचा तुकडा मोडून म्हणाले, मीठ बरोबर आहे. मीठ कोण विचारत होतं?

डॉक्टरांची तारीख पुढे ढकलता येते. हिला सगळं संकटच वाटतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज सोक्षमोक्ष लावला.

डेपोत दिवस वाईट गेला होता. त्या रेकॉर्डवाल्या बाईने चार नंबरची गाडी सहावर सांगितली, सगळे प्रवासी चुकीच्या फलाटावर, आणि मी खिडकीतून ओरडून सांगितलं तर मॅनेजर मलाच म्हणाला, तुम्ही बोलू नका. तुम्ही बोलू नका! मला!

घरी आलो, लाइव्ह गेलो, बस सुरू केली. पाचव्या मिनिटाला: 'आवाज येत नाही.'

बस रस्त्याच्या मधोमध उभी केली. कॅमेऱ्यात बघून बोललो. काय बोललो ते लिहून ठेवतो, कारण बोललो ते योग्यच होतं.

म्हटलं, "अरे, ऐकू येत नसेल तर आधी स्वतःचे कान दाखव जाऊन! घरचे नेत नाहीत का? की घरच्यांना तुझी काही किंमतच नाही?"

अजून बरंच बोललो. वरच्या बाईंनी फरशीवर लाटणं आपटलं. दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं:

'आज खुशीत दिसतोस. बरं वाटलं.'

ब्लॉक केला. कायमचा. हलकं वाटलं. आता चांगले दर्शक येतील. अशी माणसं असली की चांगली माणसं फिरकत नाहीत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दर्शक: शून्य.

अण्णांनी आज दार लावलं नाही. पलंगावर मोबाइल हातात घेऊन बसले होते, तो उलटा करून बघत होते. ती कन्येनेच दिलेली जुनी वस्तू. बिघडली असेल.

१ मार्च, शनिवार

सकाळी ही अण्णांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. मी गेलो नाही, चॅनेलची कामं होती. डॉक्टरांनी जुनं मशीन पुसून परत दिलं आणि आता यात काही राहिलं नाही म्हणाले. हिने आल्यावर चपला काढल्या आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

सात वाजता लाइव्ह गेलो. सात पाचला पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. अण्णा होते. मोबाइल पुढे केला.

"बंद पडलं का रे तुझं? दोन दिवस गाडी दिसत नाही."

मोबाइलवर माझंच चॅनेल उघडं होतं. त्यावर लिहिलं होतं की तुम्हाला ब्लॉक करण्यात आलं आहे. वर कोपऱ्यात नाव. नुसते आकडे.

माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. तोंड उघडं होतं, ते मॉनिटरच्या काचेत दिसत होतं. अण्णांना वाटलं, मी काहीतरी बोललो. त्यांनी डावा कान पुढे केला.

मी कागदावर लिहिलं: रोज 'आवाज येत नाही' का लिहीत होता?

अण्णा म्हणाले, "कारखान्यात पाळी सुरू झाली की पाटीवर लिहायचो, काय चालत नाही ते. काल लिहिलं असलं तरी आज परत लिहायचं. नाहीतर साहेबाला वाटतं, दुरुस्त झालं." मग म्हणाले, "माझा कान गेलाय हे माहितीये रे मला. पण तुझ्या यंत्राचंही काही असू शकतं. सांगायला नको?"

नदीत पडायच्या आधी डावीकडे वळत जा, असंही म्हणाले. आणि झोपायला गेले. साडेसातसुद्धा वाजले नव्हते.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बोलली असती तर बरं झालं असतं. मी काय काय बोललो होतो गुरुवारी, ते तिने ऐकलं होतं. सगळ्या इमारतीने ऐकलं होतं. एक माणूस सोडून.

मला माझी लाज वाटते. एवढंच लिहितो.

२ मार्च, रविवार

काही लिहायचं नाही. नळाचा वॉशर बदलला. वीस मिनिटांचं काम होतं.

३ मार्च, सोमवार

अर्धा दिवस रजा टाकून दुकानात गेलो. खोका, पावती, तीन पंख्यांचं कार्ड. उघडलेला माल म्हणून दुकानदार कमी देत होता. मी आवाज चढवायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुरुस्तीच्या बाई त्याच्या कानात काहीतरी बोलल्या. त्याने थोडे वाढवले. माइकही परत घेतला. माउस मात्र त्याने आठवणीने मागून घेतला.

पाकीट हिच्या हातात दिलं. जेवढं होतं तेवढं भरलं नाही. उरलेलं मी पगारातून घालणार आहे, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, लिहून द्या. दिलं.

डॉक्टरांची पुढची वेळ बावीस मार्च.

वायर परत वरच्या भोकात लावली. कॅबिनेटमध्ये दिवे अजून फिरतात, त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

८.१५ वाजता. सातच्या आधीच आकडेवाल्याचा ब्लॉक काढला. सातला लाइव्ह गेलो. गेम चालत नाही, नुसता माझा चेहरा. अण्णांचं दार सातला लागलं. दर्शक: एक.

'आवाज येत नाही. गाडी कुठे?'

टाइप केलं: 'डेपोत. दुरुस्तीला.'

'चालू दे.'

मग रोज बोलतो ते सगळं टाइप करायला घेतलं. दोन बोटांनी. मॅनेजर काय म्हणाला, रेकॉर्डवाली बाई कशी चुकली, उजव्या पायाचा बूट, वरच्या बाई, गेममधले प्रवासी. तासाभरात सव्वीस ओळी झाल्या. बोटं दुखायला लागली. बावीस वर्षांचं साचलेलं होतं, कुणीतरी एकदा नीट वाचतंय म्हटल्यावर थांबवेना.

आठला पाच कमी असताना उत्तर आलं.

'रोज हेच बोलायचास?'

लिहिलं: 'हो.'

दहा मिनिटं काहीच नाही. दाराखालच्या फटीतून उजेड दिसत होता. मग:

'मग कानाची एवढी घाई नको.'

संकल्प: बावीस तारखेला अण्णांना मीच घेऊन जाणार. ते नको म्हणाले तरी.